मंगळवार-शुक्रवारचं कोडं : सात स्विचची माळ आणि एक जादा केबल

तक्रार एका ओळीची होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या इमारतीचं नेटवर्क बसतं, संध्याकाळपर्यंत बसलेलंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच झालं नसल्यासारखं सुरू असतं. महिना-सव्वा महिना हे चाललं होतं. मला बोलावण्याआधी तिथल्या मंडळींनी दोन उपाय करून पाहिले होते. इंटरनेटची लाइन दुप्पट वेगाची घेतली आणि तळमजल्यावरचा मुख्य स्विच, म्हणजे अनेक केबल एकमेकांना जोडणारी पेटी, बदलला. दोन्हींनी काडीचाही फरक पडला नव्हता.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण टोपोलॉजी, म्हणजे नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना कशी जोडली आहेत त्याची आकृती, आपण बहुतेक जण परीक्षेपुरती शिकतो. बस, रिंग, स्टार, ट्री, मेश अशा पाच आकृत्या काढायच्या, प्रत्येकीचे फायदे-तोटे लिहायचे, झालं. खऱ्या इमारतीत या आकृत्या अशा सुट्या भेटत नाहीत. एकीच्या पोटात दुसरी असते. आणि कधी कधी कुणाच्याही ध्यानीमनी नसताना एक नवीच आकृती तयार होते. इथे तसंच झालं होतं.

जागा कशी होती ते आधी सांगतो. तळमजला, पहिला, दुसरा असे तीन मजले आणि मागे एक शेड. एकूण 112 कॉम्प्युटर. प्रत्येक मजल्यावर दोन स्विच, शेडमध्ये एक, असे सात. राउटर आणि सर्व्हर तळमजल्यावर. संस्था जशी वाढली तसे स्विच वाढले, आणि प्रत्येक नवा स्विच आधीच्या स्विचला जोडला गेला. तळमजल्याच्या पहिल्यातून दुसऱ्यात, त्यातून पहिल्या मजल्यावर, तिथून दुसऱ्या मजल्यावर आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवरून केबल उतरवून शेडमध्ये. प्रत्येक खोलीत डोकावलं तर स्टार दिसतो : मधे स्विच, त्याच्याभोवती कॉम्प्युटर. पण सातही स्विच एका कागदावर काढले की माळ दिसते.

अशा माळेचा तोटा उघड आहे. मधला मणी निखळला की पुढचे सगळे गेले. शिवाय शेडमधल्या कॉम्प्युटरला सर्व्हरवरची एक फाइल हवी असेल तर ती सहा स्विच ओलांडून जाते, आणि वाटेतल्या प्रत्येक अपलिंकवर, म्हणजे दोन स्विचमधल्या केबलवर, मागच्या सगळ्यांची गर्दी असते. शेडची केबल तर 100 मीटरच्या वर गेली होती. तांब्याच्या ट्विस्टेड पेअर केबलची मर्यादाच 100 मीटर : भिंतीतली पक्की केबल 90 मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे छोट्या सुट्या केबल, मिळून उरलेले 10. त्यामुळे शेडची लिंक अधूनमधून तुटायची. ती तक्रार वेगळी होती, पण लोकांनी दोन्ही तक्रारींची गाठ मारून ठेवली होती आणि त्यामुळे शोध आणखी भरकटला होता.

पहिल्या दिवशी, सोमवारी, नकाशा मागितला. नव्हता. भिंतीतल्या केबल जिथे येऊन मिळतात त्या पॅच पॅनेलवर लेबलं नव्हती. छताच्या फळ्या सरकवून केबल कुठून कुठे जातात ते बघताना वर एक जुनी काळी केबल सापडली, दर काही मीटरवर टी आकाराचा जोड आणि एका टोकाला बोटाच्या पेराएवढी टोपी. पातळ कोॲक्सियल केबलची बस, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकाच वायरला जोडलेले. ती कधीच बंद पडली होती, फक्त काढायचं राहून गेलं होतं. मी ती टोपी हातात घेऊन थोडा वेळ बघत बसलो. ती 50 ओहमचा टर्मिनेटर असते. टोकाला पोचलेला सिग्नल तिच्यात जिरतो. ती नसेल तर सिग्नल टोकावर आपटून उलटा येतो आणि नव्या सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणून बसवरच्या एका माणसाने टेबल सरकवताना केबल तोडली की त्याच्या एकट्याचं नव्हे, सगळ्या ओळीचं काम थांबायचं. एका तुकड्याची लांबी 185 मीटरपर्यंत, त्यावर फार तर 30 जोड, आणि दोन जोडांमध्ये किमान अर्धा मीटर, असे तिचे नियम होते. रॉबर्ट मेटकाफ यांनी 1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात इथरनेटची, म्हणजे केबलवरच्या या नेटवर्कच्या पद्धतीची, कल्पना मांडली ती अशाच सामाईक केबलवर : सगळे एकाच वायरवर, बोलायच्या आधी ऐकायचं, दोघांचं एकदम बोलणं झालं तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा.

1990 मध्ये ट्विस्टेड पेअरवरच्या इथरनेटचं मानक आलं आणि बाहेरून चित्र पालटलं. प्रत्येक कॉम्प्युटरची केबल स्वतंत्रपणे मधल्या हबकडे जाऊ लागली. दिसायला स्टार, पण हबच्या आत तीच बस होती, कारण हब एका पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या एका खाचेत, आलेलं सगळं बाकीच्या पोर्टांवर ओतायचा. आयबीएमच्या टोकन रिंगमध्येही हाच प्रकार होता. केबल एका मधल्या पेटीकडे जायच्या, टोकन, म्हणजे बोलायच्या परवानगीचा निरोप, मात्र आतल्या आत वर्तुळात एकाकडून दुसऱ्याकडे फिरायचं. विद्यार्थ्यांना मी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो : वायरचा आकार आणि वाहतुकीचा आकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बिघाड शोधताना दोन्ही कागदावर असाव्या लागतात. या इमारतीत दोन्ही नव्हत्या. सोमवारभर बसून मी वायरचा नकाशा काढला. वाहतुकीचा आकार दिसायला मंगळवार उजाडावा लागला.

मंगळवारी दहा वाजून आठ मिनिटांनी फोन वाजायला लागले. मी तळमजल्याच्या कपाटापाशीच उभा होतो. स्विचवरचे दिवे एरवी आपापल्या लयीत लुकलुकतात. एक झपझप, दुसरा सावकाश, तिसरा बराच वेळ शांत. त्या क्षणी सगळे दिवे एकाच तालात, इतक्या वेगाने फडफडत होते की जवळजवळ स्थिर दिसत होते. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरता येत नाही. ज्या पोर्टांवर कुणी काम करत नव्हतं तेही त्याच तालात होते. म्हणजे प्रत्येक पोर्टवर तीच वाहतूक ओतली जात होती.

लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे वायरवरची वाहतूक दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलं. पडद्यावर एकाच कॉम्प्युटरची एकच एआरपी विचारणा, ‘हा पत्ता कुणाचा आहे’, खालून वर धावत होती. सेकंदाला हजारो वेळा. कुठलाही कॉम्प्युटर तोच प्रश्न इतक्यांदा विचारत नाही. प्रश्न एकदाच विचारला गेला होता आणि तो जाळ्यात फिरत राहिला होता. कुठेतरी लूप, म्हणजे केबलचं बंद वर्तुळ, होता.

लूप इतका घातक का ठरतो, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सगळ्यांसाठी असलेला निरोप, आली की स्विच ती आलेल्या पोर्टाशिवाय बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. दोन स्विचमध्ये दोन केबल असतील तर पहिल्याने पाठवलेली फ्रेम एका केबलने दुसऱ्याकडे जाते, दुसरा ती दुसऱ्या केबलने परत पाठवतो, पहिला ती पुन्हा सगळीकडे पाठवतो. एक प्रत उजवीकडून फिरते, एक डावीकडून. आयपी पॅकेटला आयुष्य मोजून दिलेलं असतं. दर राउटरमागे एक आकडा कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेट फ्रेममध्ये असा आकडाच नाही, त्यामुळे ती आपणहून मरत नाही. दिवसभरात अशा विचारणा येतच राहतात आणि प्रत्येक नवी विचारणा त्या फेऱ्यात भर घालते, वायर भरून वाहेपर्यंत. 100 एमबीपीएसच्या वायरवर एका दिशेने सेकंदाला जास्तीत जास्त 1,48,809 लहान फ्रेम मावतात. ती मर्यादा गाठायला फार वेळ लागत नाही.

वादळ तेवढ्यावर थांबत नाही. स्विच कुठला मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता, कुठल्या पोर्टावर आहे हे येणाऱ्या फ्रेम बघून शिकतो. सर्व्हरची फ्रेम खालच्या अपलिंकवरून आली की स्विच लिहितो, सर्व्हर खाली आहे. तीच फ्रेम फिरून 17 नंबरच्या पोर्टातून आली की तो आधीचं खोडून लिहितो, सर्व्हर 17 वर आहे. पुढच्या क्षणी 18. मग सर्व्हरसाठी निघालेली साधी फाइलही चुकीच्या दिशेला जाते. शिवाय प्रत्येक ब्रॉडकास्ट प्रत्येक कॉम्प्युटरला उघडून बघावा लागतो. त्या दिवशी लोक म्हणत होते की नेटवर्कच काय, कॉम्प्युटरच अडकल्यासारखे झालेत. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

लूप शोधताना माळ मात्र उपयोगी पडली. तळमजला आणि पहिला मजला यांच्यातली केबल काढली. तळमजल्याचे दिवे तत्क्षणी शांत झाले. म्हणजे बिघाड वर. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यातली केबल काढली. दुसरा मजला शांत, पहिला अजून फडफडतोय. पहिल्या मजल्यावरचे दोन स्विच एकमेकांपासून सोडवले, आणि फडफड त्यातल्या पहिल्या स्विचवरच राहिली. मग एकेक पोर्ट. 17 नंबरची केबल उपसली आणि सगळं थांबलं. परत लावली, पुन्हा सुरू. 17 तशीच ठेवून 18 काढली, पुन्हा थांबलं. दोन्ही केबलना टोनर, म्हणजे केबलचा माग काढायला आवाज देणारं यंत्र, लावून भिंतीच्या कडेने माग काढत गेलो. हिशोब विभागाच्या कोपऱ्यातल्या एका टेबलामागे दोन सॉकेट शेजारी शेजारी होते, आणि दोन्हींतून पॅच कॉर्ड निघून टेबलाखालच्या एकाच आठ पोर्टांच्या छोट्या स्विचमध्ये शिरल्या होत्या.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी लगेच सांगितलं, “ती मीच लावली, सर. टेबलं हलवली तेव्हा खाली लोंबत होती, सारखी पायात यायची. बाजूचं भोक रिकामं दिसलं, म्हटलं त्यातलीच असणार.” त्या घाबरल्या होत्या. त्यांना सांगितलं की तुमची काही चूक नाही, आणि ते मनापासून सांगितलं. रिकामं सॉकेट आणि लोंबती केबल समोर असली की कुणीही व्यवस्थित माणूस हेच करेल. एवढ्याने 112 कॉम्प्युटर बंद पडत असतील तर दोष जाळ्याच्या रचनेत शोधायला हवा.

मंगळवार आणि शुक्रवारचं कोडंही तिथेच उलगडलं. ते टेबल बाहेरून येणाऱ्या लेखापरीक्षकांचं होतं. ते आठवड्यातून हेच दोन दिवस येत. आले की एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण दाबत, जाताना आठवणीने बंद करत. छोट्या स्विचची वीज त्याच बोर्डावर होती. केबल महिनाभर तशीच होती, वर्तुळ पुरं व्हायचं ते बटण दाबल्यावर. कुणी तरी आधीच तक्रारींच्या तारखा एका खाली एक लिहून त्या दिवशी इमारतीत वेगळं काय असतं असं विचारलं असतं, तर कदाचित टोनरचीही गरज पडली नसती. वार ठरलेला असेल तर यंत्राआधी माणसांचं वेळापत्रक बघावं, हे मी तेव्हापासून पाळतो.

पण एक प्रश्न उरला होता. पहिल्या मजल्यावरचा तो स्विच मॅनेज्ड होता, म्हणजे त्याच्या सेटिंग बदलता येत होत्या, आणि असे लूप ओळखून तोडण्याची सोय त्यात असते. स्पॅनिंग ट्री. रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना ती पद्धत शोधली आणि 1990 मध्ये ती आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 802.1डी या मानकात आली. स्विच एकमेकांना छोटे निरोप पाठवतात, त्यांना बीपीडीयू म्हणतात. एकमताने एक मूळ स्विच निवडतात, प्रत्येक जण मुळाकडे जाणारी सर्वांत जवळची वाट धरतो आणि जादा वाटा अडवून ठेवतो. वायर कितीही गुंतलेली असो, वाहतुकीला उरतो तो एक वृक्ष. एखादी वाट तुटली तर अडवलेली वाट उघडते. हे तंत्र मला आजही फार सुंदर वाटतं, कारण कुठल्याच स्विचकडे पूर्ण नकाशा नसतो, तरी सगळे मिळून तो बरोबर काढतात.

इथे ते बंद करून ठेवलेलं होतं. कारणही सापडलं. जुन्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट जिवंत झाल्यावर 15 सेकंद ऐकण्यात आणि 15 सेकंद शिकण्यात जातात. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की अर्धा मिनिट नेटवर्क नाही, कधी पत्ता मिळवायचा प्रयत्न तेवढ्यात संपून जायचा. लोकांनी कुरकुर केली आणि देखभालीसाठी येणाऱ्या कुणीतरी ती सोयच बंद केली. खरा उपाय एका ओळीचा होता : कॉम्प्युटर लागणारे पोर्ट ‘एज’ (टोकाचे) म्हणून घोषित करायचे, मग ते लगेच सुरू होतात. त्या एका ओळीऐवजी अख्खं संरक्षण काढून टाकलं गेलं आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. ठरावीक वेळमर्यादा धरून ती कुठल्याही दोन टोकांमध्ये साधारण सात स्विचच्या विस्तारापर्यंत नीट चालते. आमची माळ बरोबर सातची होती. नोव्हेंबर 2002 मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क कोलमडलं आणि चारेक दिवस डॉक्टर-नर्सना कागदावर काम करावं लागलं. तिथेही जाळं तुकडा तुकडा जोडत या मर्यादेपलीकडे वाढलेलं होतं. त्यांचे मुख्य माहिती अधिकारी जॉन हालाम्का यांनी काय घडलं ते दडवून न ठेवता जाहीरपणे सांगितलं, म्हणून आपल्यासारख्यांना ते माहीत आहे. त्या मोठेपणाबद्दल मला आदर आहे.

यानंतर नवी मांडणी ठरवायची होती. व्यवस्थापनातल्या एका साहेबांनी विचारलं, “सगळे सगळ्यांना जोडले तर कधीच बंद पडणार नाही ना?” पूर्ण मेश. हिशोब करून दाखवला. एकूण स्विचच्या संख्येतून एक वजा करायचा, आलेल्या आकड्याला मूळ संख्येने गुणायचं आणि निम्मं करायचं. सात स्विचना 21 केबल. 112 कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडायचे तर 6,216. आकडा ऐकून विषय तिथेच मिटला.

दुसरा पर्याय होता माळेची टोकं जोडून रिंग करायचा. फक्त एक केबल जादा, कुठेही एक तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट. कारखान्यांत यंत्रांच्या लांबलचक रांगा असतात तिथे अशी रिंग मी स्वतः सुचवतो. इथे नको म्हटलं, कारण सगळी वाहतूक तळमजल्याच्या सर्व्हरकडेच जाते आणि रिंगमध्येही ती शेजाऱ्यांच्या स्विचमधूनच जाणार होती.

शेवटी ठरला तो दोन बुंध्यांचा वृक्ष. एक मुख्य स्विच पहिल्या मजल्याच्या मधोमध, जिथून वर-खाली सगळं 90 मीटरच्या आत बसतं. दुसरा तळमजल्यावर सर्व्हरच्या खोलीत, वेगळ्या वीजजोडणीवर. मजल्यांवरचे सहाही स्विच दोघांनाही जोडलेले. शेडमध्ये चारच कॉम्प्युटर, त्यामुळे तिथे एकच फायबर. मल्टिमोड फायबरवर गिगाबिट 550 मीटरपर्यंत जातं, त्यामुळे अंतराचा प्रश्न मिटला. दोन मुख्य स्विच आपापसांत जोडलेले. एकूण चौदा अपलिंक. आता जाळ्यात मुद्दाम ठेवलेले कितीतरी लूप आहेत, आणि 2001 मध्ये आलेली वेगवान स्पॅनिंग ट्री त्यांना धरून आहे.

इथे एका बारीक गोष्टीवर मी अडून बसलो. मूळ स्विच कोण होणार हे नशिबावर सोडायचं नाही. ज्याच्या प्राधान्यक्रमाचा आकडा सर्वांत लहान तो मूळ, आणि प्रत्येक स्विचचा हा आकडा कारखान्यातून 32768 असतो. सगळ्यांचा सारखाच, म्हणून निवड सर्वांत लहान मॅक पत्त्यावर जाते, आणि लहान पत्ता बरेचदा सर्वांत जुन्या यंत्राचा निघतो. काहीही न बदलता चालू करून पाहिलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा धूळ खाल्लेला जुना स्विच सगळ्या इमारतीचं मूळ होऊन बसला, आणि तळमजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांची वाहतूक त्याला वळसा घालून जाऊ लागली. पहिल्या मुख्य स्विचला 4096 आणि दुसऱ्याला 8192 दिल्यावर ठीक झालं. सोबत विभागवार व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्क, पाडले, म्हणजे हिशोब विभागातलं वादळ दुसऱ्या विभागांच्या कॉम्प्युटरवर आदळणार नाही. आणि टेबलांच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड लावला. टेबलाकडून स्विचचा निरोप येणं म्हणजे काहीतरी गफलत, असा निरोप आला की पोर्ट बंद.

चाचणीच्या दिवशी पहिल्या मुख्य स्विचची वीज काढली. जेमतेम दोन सेकंदांत सगळं दुसऱ्यावरून सुरू झालं. मी खूश होतो. मग सहज म्हणून केबल प्रत्यक्ष कुठून गेल्यात ते बघायला दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि खूश राहता आलं नाही. दोन्ही मुख्य स्विचकडे जाणाऱ्या केबल एकाच शाफ्टमधून, एकाच पट्ट्याने एकत्र बांधून नेल्या होत्या. नकाशावर दोन वाटा होत्या. एका उंदराला किंवा एका ड्रिलला मात्र एकच होती. पहिल्या मजल्यावर तसंच होतं, तिथली एक केबल आम्ही त्याच आठवड्यात जिन्याच्या बाजूने फिरवली.

तीन आठवड्यांनी लॉगमध्ये एक ओळ दिसली. दुसऱ्या मजल्यावरचा एक पोर्ट सकाळी 11:20 ला आपोआप बंद झाला होता. जाऊन पाहिलं तर टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं खोचलेली. मुख्य स्विचचा निरोप त्या फेऱ्यातून फिरून त्याच पोर्टात परत आला आणि पोर्टाने दार लावून घेतलं. चार कॉम्प्युटर बंद, बाकीचे 108 चालू, बहुतेकांना कळलंही नाही. तिथे दोन जादा सॉकेट बसवून छोटा स्विच काढून टाकला.

दुसऱ्या मजल्याच्या केबल अजून एकाच शाफ्टमध्ये आहेत. भिंतीला भोक पाडायची परवानगी मिळालेली नाही. नव्या नकाशावर, जो आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, त्या जागी लाल पेनाने गोल करून तारीख घातली आहे.